अमेरिकेच्या रेडिओवर बाबासाहेब

रेडिओ म्हटला की आम्हा देवणीकरांना बातम्या आणि गाणी आठवतात. पण २० मे १९५६ रोजी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी रेडिओवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे भाषण झाले, हे घराघरांत ठाऊक हवे. विषय होता भारतातील लोकशाहीचे भवितव्य.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडे शिकले. त्याच अमेरिकेच्या रेडिओवरून त्यांनी बजावले, की निवडणुका आणि संसद म्हणजेच लोकशाही नव्हे. तिची मुळे माणसामाणसांच्या संबंधांत असतात आणि जात तीच मुळे तोडते. मग शिक्षणाने जात जाईल का? जात राखू पाहणाऱ्यांना शिकवून नाही. तिच्याखाली भरडलेल्यांना शिकवूनच.

बंधुभगिनींनो, सोयाबीनच्या काढणीला लेकीची शाळा बुडवताना आपण हेच विसरतो.