‘आता या उमरीत काय होते जी?’ : उतारवयातल्या बदलांबद्दलचे गैरसमज

पांढुर्णा किंवा सौंसरच्या कोणत्याही पानठेल्यावर साठीपुढच्या माणसाला ‘काकाजी, खर्रा सोडा ना आता’ असं म्हणून बघा. उत्तर ठरलेलं असतं. ‘आता या उमरीत काय होते जी? जे व्हायचं ते होऊन गेलं.’ शुगर निघालेली आजी हेच म्हणते, गुडघे धरून बसलेले मास्तरही हेच म्हणतात. ऐकायला हे वाक्य मोठं समजूतदार वाटतं, पण ते खोटं आहे. वर महागही पडतं. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला खरा, तरी मोठं दुखणं निघालं की इथली धाव नागपूरकडेच असते. गाडीभाडं, तपासण्या, सोबत येणाऱ्या पोराची बुडालेली मजुरी हा सगळा हिशेब धरला, तर दुखणं वेळीच आवरण्याइतकी बचत दुसऱ्या कशात नाही.

‘चाळीस वर्षं खाल्ला, आता सोडून काय फायदा?’

सुरुवात खर्र्यापासूनच करावी लागेल, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. सुपारीची बारीक कात्रण, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला घोट घोट घोटतो. ओलसर, गरम झालेला तो मसाला गालात गेला की तासभर तिथेच मुरतो. त्याविषयी तीन समजुती घट्ट बसल्या आहेत.

पहिली म्हणजे, खर्रा म्हणजे काही गुटखा नव्हे. गुटख्यावर मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून बंदी घातली. तेव्हा वाईट तो गुटखा आणि समोर घोटून दिलेला ताजा खर्रा बरा, असा एक हिशेब लोकांनी मनाशी मांडला. ताजेपणाचा इथे काही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच नव्हे, तर नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी चघळतो’ यात सुटका अर्धीच आहे.

दुसरी समजूत उशिराची. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्याच धूम्रपानावर पन्नास वर्षं नजर ठेवणारा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली छापून आले. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे १० वर्षांनी वाढलं; चाळिशीत सोडणाऱ्यांचं ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांचं ३ वर्षांनी. साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी ते बारावी. हे आकडे सिगारेटचे आहेत, खर्र्याचे नाहीत, हे सांगायलाच हवं. पण खर्र्याबाबतही त्याच कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये पुरावे तपासून निर्वाळा दिला की बिनधुराची तंबाखू किंवा सुपारी सोडली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

सगळंच परत मिळत नाही. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होऊन तोंड कमी उघडू लागलं असेल, तर ते सोडल्यावर आपोआप पहिल्यासारखं होत नाही. वाढ आटोक्यात राहू शकते, आणि उपचार मात्र करावेच लागतात. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर आजच पाहून घ्या. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दातांच्या डॉक्टरला दाखवायला पोळा-दिवाळीची वाट पाहू नका.

आणि तिसरी, सगळ्यात चिवट : ‘खर्रा नाही खाल्ला तर सकाळी पोट साफ होत नाही.’ यात तथ्य आहे, म्हणूनच ती चिवट आहे. निकोटिन आतड्यांना चाळवतं. ते अचानक बंद झालं की पोट जड राहतं, चिडचिड होते, रात्री झोप लागत नाही. बहुतेकांचा हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तेवढे दिवस पाणी, पालेभाजी, भाकर आणि सकाळचा फेरफटका यांच्यावर काढायचे. त्याच दिवसांत बायकोशी भांडण होणार, हेही घरच्यांनी गृहीत धरावं.

‘जन्म शेतात गेला, वेगळा व्यायाम कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे. ज्याने तीस वर्षं कापूस वेचला, संत्र्याची क्रेटं उचलली, त्याला व्यायाम शिकवायला जाणारा हसं करून घेतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक तर शेत पोरांच्या हाती गेलं, बांधापर्यंत मोटरसायकल आली, की ते कष्ट थांबतात. शरीर मात्र जुन्या पुण्याईवर फार काळ चालत नाही. दुसरं असं की कामातले कष्ट आणि व्यायाम हृदयाच्या लेखी एकच नसावेत. कोपनहेगनमध्ये लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुरसतीच्या हालचालीने हृदयविकाराचा धोका कमी दिसला. कामावरच्या जड कष्टांत तो फायदा दिसला नाही, उलटच दिसलं. बिनविसाव्याचे तासन् तास कष्ट आणि अर्ध्या तासाचं भरभर चालणं यांत फरक आहे.

उतारवयात खरी गळती लागते ती मांड्यांना. खाटेवरून उठताना हात टेकावा लागणं, उकिडवं बसलं की उठता न येणं, बसच्या पायरीला दांडा धरून स्वतःला ओढून घेणं ही तिची लक्षणं. लोक याला ‘गुडघे गेले’ म्हणतात, पण पुष्कळदा गुडघ्याआधी मांडीचे स्नायू गेलेले असतात. आणि हे स्नायू कोणत्याही वयात परत येतात. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. पूर्ण केलेल्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. माणसं थोडी होती हे खरं, पण १९९४ मध्ये शंभर जणांवर, सरासरी ८७ वयात, तोच प्रयोग झाला आणि ताकद दुपटीवर गेली. २०१४ चा आणखी एक मोठा अभ्यास ७० ते ८९ वयाच्या, बैठ्या सवयीच्या १,६३५ लोकांवरचा. चालणं, थोडं वजन, थोडा तोल साधण्याचा सराव एवढंच त्यातल्या निम्म्यांना दिलं होतं. अडीच वर्षांच्या आसपास पाहिलं तर चालता न येण्याची वेळ येण्याचं प्रमाण त्यांच्यात १८ टक्क्यांनी कमी होतं.

यासाठी जिम लागत नाही. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून उठा, हळू बसा. हळू बसणं महत्त्वाचं. धपकन बसलात तर अर्धं काम वाया. पाच वेळा जमलं तर आठवड्याने सात, मग दहा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं हा तोलाचा सराव. त्यानेच मोरीत पडणं टळतं, आणि म्हातारपणी मोरीत पडून खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी घडलं त्याला विचारा. गुडघ्यांची झीज झालेल्यांनाही योग्य व्यायाम बाधत नाही. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तोच पहिला उपचार आहे. चालताना छाती भरून येत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग व्यायाम.

ताकदीला खुराक लागतो. आपल्या म्हाताऱ्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे पुष्कळदा दूध-पोळी किंवा पातळ वरण-भात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. घट्ट वरण, झुणका, मोड आलेली मटकी, दही, चालत असतील तर अंडी हे रोज ताटात हवं. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

गूळ, सैंधव आणि संत्रं

यातल्या बऱ्याच समजुती एका ओळीत निकालात निघतात. गूळ साखरेपेक्षा निराळा नाही. शुगरवाल्याला दोन्ही सारखेच. सैंधव हेही मीठच, त्यानेही रक्तदाब वाढतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, ही मिठाची मर्यादा. भारतीय सरासरी ८ ग्रॅमच्या घरात आहे, आणि लोणचं-पापड-ठेच्याच्या ताटात मर्यादा सहज ओलांडली जाते. दारू थोडी घेतली तर औषध, या म्हणण्यालाही आता आधार उरलेला नाही.

संत्र्यावर मात्र थांबलं पाहिजे, कारण इथे तर ते दारातच पिकतं. शुगर निघाली की घरचे पहिलं संत्रं बंद करतात आणि चहातली साखर चालू ठेवतात. मध्यम संत्र्यात साखर दहा-बारा ग्रॅम असते, पण ती चोथ्यासह पोटात जाते, म्हणून रक्तात हळू उतरते. एखादं संत्रं सोलून फोडींसकट खाल्लं तर बहुतेक शुगरवाल्यांना चालतं. ज्यूसची गोष्ट वेगळी : ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा टाकून दिला जातो.

रोज दहा हजार पावलं चालायलाच हवीत, हा आकडाही विज्ञानातून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावात तो होता. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या महिलांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत, २,७०० चालणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

‘बीपीची गोळी लागली की जन्माची लागते’

खरंय, बहुतेकांना ती कायमच लागते. म्हणून ती टाळायची, की चष्मा लागला म्हणून वाचणं सोडायचं? ऐंशी वर्षांवरच्या रक्तदाबाच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले : गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. वजन, मीठ आणि चालणं सांभाळलं तर काहींचा डोस कमी होतो, पण तो डॉक्टरने कमी करायचा. ‘बरं वाटते’ म्हणून स्वतःच बंद केलेल्या गोळीनंतर येतो तो लकवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम उपास आणि जोरात चालणं सुरू करणाऱ्यांनीही आधी विचारावं. साखर खाली येऊन चक्कर येऊ शकते.

‘मनाचा निग्रह पाहिजे’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. एके वर्षी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. पिढ्यांची सवय फर्मानाने जात नाही, आणि एका माणसाची चाळीस वर्षांची सवयही नुसत्या शपथेने जात नाही. निग्रहापेक्षा मांडणी कामाला येते : खिशात पन्नी न ठेवणं, ठेल्याचा रस्ता टाळणं, जेवणानंतर हातात बडीशेप असणं, फिरायला शेजाऱ्याला सोबत घेणं. २१ दिवसांत सवय लागते हेही एका अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० च्या पुस्तकातून पसरलेलं अर्धवट वाक्य. लंडनमध्ये २००९-१० च्या सुमारास प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, हेही तिथेच दिसलं.

डोकं आता नवीन काही घेत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आहे. ८ मार्च २०१६ पासून तिथे आजीबाईंची शाळा भरते. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसतात, अंगठ्याच्या जागी सही करायला शिकतात.

आता उरलं आयुष्मान कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि राज्याबाहेरच्या नोंदणीकृत रुग्णालयांतही ते चालतं. ते काढाच. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं आहे; रोजच्या बीपीच्या गोळीचा, तपासणीचा खर्च त्यात बसत नाही. बीपी-शुगरची तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांसाठी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि काकाजींना एक आकडा जरूर सांगा. शुगरच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (२००२) खाणं आणि चालणं सुधारल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्या गटात ते ७१ टक्क्यांनी घटलं. सगळ्यात चांगला निकाल म्हाताऱ्यांचाच लागला होता.