पंधरापैकी किती?

रुग्ण तपासणीतल्या संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करायच्या असतात, हा समज घातक आहे. डोक्याला मार लागलेला माणूस ‘अर्धवट शुद्धीत आहे’ एवढंच सांगितलं, तर पुढच्या डॉक्टरला तुलना करायला काहीच उरत नाही. म्हणून ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मोजपट्टी मांडली: ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५ आणि कमीत कमी ३. हाकेला डोळे उघडले तर ३ गुण, चिमटा घेतल्यावरच उघडले तर २. रस्त्यावर १३ असलेली बेरीज अर्ध्या तासात १० वर आली, की कवटीत रक्तस्राव वाढत असल्याची शंका घ्यावीच लागते.

धावपळीत गुण कोण मोजत बसणार, हा आक्षेप खरा आहे. श्वासमार्ग, श्वास आणि रक्तप्रवाह यांच्याकडे आधी पाहायचं, हेही निर्विवाद. पण पहिल्या मिनिटासाठी ‘एव्हीपीयू’ची सोपी शिडी आहेच: रुग्ण सावध आहे, हाकेला ओ देतो, वेदनेलाच प्रतिसाद देतो, की कशालाच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: नुसती बेरीज फसवते. दोन रुग्णांचे ९ अगदी वेगळ्या घटकांतून आलेले असू शकतात, आणि श्वासनलिकेत नळी घातलेल्याला बोलण्याचे गुण देताच येत नाहीत. म्हणून १०८ च्या गाडीतून रुग्ण सोपवताना तिन्ही आकडे सुटे सांगा, वेळेसह.