संगणक योग्य आज्ञावली कशी शोधतो?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत अध्यापन करणारे श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यू.आर. संकेतांची जोड देण्याचा उपक्रम राबविला आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट शिक्षकवर्गास ठाऊकच आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर असे संकेत आज सर्रास आढळतात. फोन पानावर धरावा आणि कविता ऐकू यावी, यात आता मुलांना नवल वाटत नाही. तथापि त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत कविता नसते, चित्रफीतही नसते. तीत बहुधा केवळ एक पत्ता असतो. तो कोणत्या आज्ञावलीने उघडावा हे फोनला त्या क्षणी ठरवावे लागते. फोनमध्ये कोणकोणती ॲप आहेत व त्यांपैकी कोणी 'असे पत्ते मी हाताळतो' असे जाहीर केले आहे, हे पाहून तो निवड करतो. आज्ञावलीचे नाव आधीपासून ठरवून न ठेवता काम चालू असतानाच तिचा शोध घेण्याची ही रीत टेबलावरच्या संगणकातही आहे, आणि ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या दप्तराशी तिचा दिसतो त्याहून अधिक निकटचा संबंध आहे.

ही रीत समजण्यासाठी पूर्वी ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणत, त्याचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. उमेदवार तेथे नाव नोंदवीत आणि आपले शिक्षण व कसब लिहून देत. कारखान्याला किंवा कचेरीला माणूस हवा असला की मागणीपत्रात अमुक व्यक्ती पाठवा असे नसे. 'मराठी टंकलेखन येणारा लिपिक हवा' असे असे. कार्यालय नोंदी चाळून यादी पाठवी. मागणी करणाऱ्यास उमेदवाराचा पूर्वपरिचय असण्याची गरज नव्हती. काल नोंदलेल्या उमेदवाराचे नावही आजच्या यादीत येऊ शके, हे या व्यवस्थेचे खरे बळ होय.

संगणकात हे कार्यालय अगदी उघडपणे पाहावयाचे असेल तर 'के.डी.ई.' या मुक्त प्रणालीकडे वळावे. मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्सवर चालणाऱ्या या प्रणालीची अंतर्गत रचना कोणासही वाचता येते, म्हणून विवेचनास ती सोयीची. ऑक्टोबर २००० मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तीत 'केट्रेडर' नावाची सोय होती. ट्रेडर म्हणजे व्यापारी. पण सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन गेलेला शेतकरी त्याला अडत्याच म्हणेल, आणि तेच नाव अधिक यथार्थ ठरेल. कारण हा गृहस्थ स्वतः काही खरेदी करीत नाही, देणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देतो.

प्रत्येक आज्ञावली संगणकात बसविली जाताना एक छोटे नोंदपत्र ठरलेल्या जागी ठेवते. ते साध्या मजकुराचे असते. आज्ञावलीचे नाव, ती सुरू करण्याची आज्ञा, आणि ती कोणत्या प्रकारच्या फायली उघडू शकते, एवढे त्यात लिहिलेले असते. तिचे मराठी नाव द्यावयाचे असल्यास त्याच नोंदपत्रात वेगळी ओळ लिहिता येते. मराठी मेनूत दिसणारी नावे येतात ती येथून. ही शेकडो नोंदपत्रे दर वेळी वाचीत बसण्यापेक्षा त्यांची एक एकत्रित सूची तयार करून ठेवली जाते, व नवी आज्ञावली आली की ती सूची पुन्हा बांधली जाते.

आता फाईल समोर आली की पहिला प्रश्न तिच्या प्रकाराचा. तो बहुधा नावाच्या शेपटावरून कळतो. शेपूट नसेल तर फाईलच्या आरंभीची अक्षरे तपासली जातात. पीडीएफ फाईल टक्क्याच्या चिन्हाने व त्यापुढील 'पीडीएफ' या रोमन अक्षरांनी सुरू होते. तेव्हा कोणी तिचे नाव केवळ 'ठराव' असे ठेवले तरी ती ओळखू येते. प्रकारांमध्ये नातीही असतात. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली सी.एस.व्ही. सारणी ही एका परीने साधा मजकूरच असल्याने, तक्ते करणारी आज्ञावली संगणकात नसली तरी मजकूर-संपादकाचे नाव पुढे येते. सारणी सुबक दिसणार नाही. वाचता मात्र येईल.

दुसरा प्रश्न अटींचा. 'हा प्रकार उघडणारा कोणीही' एवढी मागणी पुष्कळदा पुरेशी नसते. माझ्याच खिडकीत बसून फाईल दाखवील, स्वतःची वेगळी खिडकी उघडणार नाही असा घटक हवा, अशी अट घालता येते. के.डी.ई.चा 'कॉन्करर' हा ब्राउझर याच मार्गाने नाना प्रकारची कागदपत्रे आपल्या खिडकीत दाखवीत आला. ती दाखविण्याचे ज्ञान त्याच्यापाशी नव्हते, ज्याच्यापाशी ते होते त्याला तो बोलावून घेई. अनेक उमेदवार पात्र ठरले तर नोंदपत्रातील पसंतीक्रमांक पाहिला जातो. परंतु वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड त्या क्रमांकाच्या वर मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

पूर्वी या अटी एका लहानशा खास भाषेत, वाक्य लिहावे तशा लिहीत. तीत एखादे अक्षर चुकले तर चूक आज्ञावली तयार होताना कळत नसे, ती चालू झाल्यावर रिकामी यादी हाती आली की कळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या चौकटीतून ही भाषा वगळण्यात आली. अट आता आज्ञावलीच्याच भाषेत लिहितात, त्यामुळे बहुतेक चुका आधीच सापडतात. विचारणेचे तत्त्व मात्र कायम आहे.

मराठीच्या दृष्टीने या तत्त्वाचे महत्त्व फार मोठे आहे, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. शुद्धलेखन तपासण्याचे उदाहरण घ्या. के.डी.ई.मधील संपादक, पत्रव्यवहाराची आज्ञावली वगैरे मंडळी हे काम स्वतः करीत नाहीत. ते 'सॉनेट' या समाईक घटकाकडे सोपवितात. कोणकोणत्या भाषांचे शब्दकोश या संगणकावर आहेत, हे सॉनेट ऐन वेळी पाहतो. मराठीचा शब्दकोश एकदा बसविला की त्याच्यावर विसंबणाऱ्या साऱ्या आज्ञावलींना मराठी शुद्धलेखन तपासता येऊ लागते. त्यांच्या कर्त्यांनी मराठीचे नावही ऐकलेले नसले तरी चालते. प्रत्येक आज्ञावलीच्या कर्त्याकडे मराठीसाठी वेगळा अर्ज करावा लागला असता तर किती काळ लागला असता, याचा अंदाज अर्जांचा अनुभव असलेल्या वाचकांनीच करावा.

अक्षरवळणांचेही असेच आहे. लिनक्सवर 'फॉन्टकॉन्फिग' नावाची व्यवस्था 'मराठी लिहिता येईल असा फॉन्ट द्या' या मागणीला उत्तर देते. येथे एक बारकावा आहे. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी घेतलेल्या निर्णयातही मराठी वळणांचाच आग्रह आहे. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण उमटते. ते न सांगितल्यास 'सोलापूर' या नावातील ल हिंदी धाटणीचा छापला जातो. मागणी अपुरी असली की उत्तरही अपुरे मिळते, याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. अशा फाईलबाबत संगणकाला प्रकार विचारला तर तो 'मजकुराचा दस्तऐवज' हे बरोबर उत्तर देतो, योग्य आज्ञावलीही उघडतो, आणि पडद्यावर मात्र अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. कोणत्या फॉन्टावर हा मजकूर विसंबून आहे हे विचारण्याची सोय प्रकाराच्या प्रश्नात नाही. तो फॉन्ट त्या संगणकावर नसेल, तर जुना ग्रामसभा ठराव हाताशी असूनही वाचता येत नाही. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. त्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक अक्षर स्वतःची ओळख स्वतःबरोबर बाळगते, त्यामुळे देवनागरी जाणणारा कोणताही फॉन्ट त्याला चालतो. जुन्या फायली परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून घेण्याचे काम, मूळ फॉन्ट जवळ असलेला संगणक चालू आहे तोवरच उरकावे हे बरे. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. चुका होतात त्या बहुधा तेथेच. मूळ फाईलही जपून ठेवावी.

फाईल नको त्या आज्ञावलीत उघडू लागली तर घाबरून नवी प्रणाली बसविण्याचे कारण नसते. पुष्कळदा नव्याने आलेल्या आज्ञावलीने पसंतीत वरची जागा घेतलेली असते. फाईलवर माउसचे उजवे बटण दाबून तिच्या गुणधर्मांत जावे, त्या प्रकारासाठी नोंदलेल्या आज्ञावलींची यादी पाहावी आणि हवी ती वर आणावी. ही निवड त्या एका फाईलपुरती नसून त्या प्रकारच्या साऱ्या फायलींना लागू होते. मात्र ती त्याच वापरकर्त्याच्या खात्यापुरती राहते. पंचायतीच्या एकाच संगणकावर दोघेतिघे वेगवेगळ्या खात्यांतून काम करीत असतील, तर प्रत्येकाने ती आपल्या खात्यात स्वतंत्रपणे करावयाची असते.