कानांवर ठेवलेले हात

चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे सह्याद्रीच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. अशा ठिकाणी यंत्रांच्या घरघरीत काम करणाऱ्याने कान झाकले, तर ती सुरक्षिततेची शिस्त मानली जाते. परंतु मंदिरातील महोत्सवात ध्वनिक्षेपकाचा आवाज असह्य होऊन एखाद्या स्वमग्न मुलाने कानांवर हात ठेवले, की आईवडिलांनी वळण लावले नाही, असा शेरा मिळतो.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. आवाज, प्रखर प्रकाश, अनपेक्षित स्पर्श किंवा ऐनवेळी बदललेला कार्यक्रम अशा व्यक्तींना अस्वस्थ करू शकतो. नजरेला नजर देणे अनेकांना जड जाते. त्यात अनादर नसतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आला. हक्क मिळाला, तरी समाजाची चौकट बहुसंख्यांच्याच मापाची राहिली.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की परस्परांना न उमगणे हे दोन्ही बाजूंनी घडते. तरीही जुळवून घेण्याचा भार रोज एकाच बाजूवर पडतो आणि त्यातून येणारा थकवा व संताप 'हट्ट' ठरतो.

अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या समाजाला हे कळणे कठीण नाही. उत्सवात एक शांत खोली, कार्यक्रमाची आगाऊ कल्पना, पंगतीत वेगळे बसण्याची मुभा, एवढे केले तरी क्षमापनेच्या दिवशी जोडलेल्या हातांना अर्थ येईल.