शिरखुर्म्याची वाटी देण्याआधी एक प्रश्न

रमजानमध्ये इफ्तारची ताटं घराघरांत फिरतात आणि ईदला शिरखुर्म्याची वाटी शेजारच्या काकूंकडे पोचतेच. तीत दूध, शेवया, खारीक, काजू, बदाम, चारोळी असते. बहुतेक मुलांना ही मेजवानीच. पण एखाद्या लेकराच्या शरीराला काजू किंवा दूध सोसत नाही. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. हे नाव १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिलं.

ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असणं नव्हे. इथे प्रतिकारशक्ती साध्या अन्नालाच शत्रू समजते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. धाप लागली, आवाज घोगरा झाला किंवा मूल गळून गेलं, तर १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा. तिथे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. घरी गोळी देऊन वाट पाहू नये.

निदानाची सुरुवात आईवडिलांपासून होते. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. मग त्वचेची किंवा रक्ताची तपासणी. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच, असं नाही. शंका उरली तर दवाखान्यातच, देखरेखीखाली, तो पदार्थ थोडा थोडा देऊन पाहतात. केवळ रिपोर्ट पाहून दूध, अंडी, शेंगदाणे सगळंच बंद केलं, तर मूल कुपोषित होईल. दुधाची ॲलर्जी तर पुष्कळ मुलांत वयानुसार जाते.

प्रतिकारशक्तीच खरोखर कमी असणं हा वेगळा आजार. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊनही गुण न येणं, वजन न वाढणं, किंवा आधीचं भावंड तान्हेपणीच दगावलेलं असणं, हे इशारे आहेत. यातले काही आजार आनुवंशिक असतात. नात्यात लग्न झालं असेल तर त्यांची शक्यता वाढते, आणि ती रीत आपल्याकडे हिंदू-मुसलमान दोघांतही आहे. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथले बालरोगतज्ज्ञ पुढची वाट दाखवतील. मुंबईत परळला वाडिया बाल रुग्णालयात आणि राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारांवर विशेष काम चालतं.

यंदा वाटी पाठवताना एवढंच विचारा, ‘लेकराला काही चालत नाही का?’ चालत नसेल, तर सुकामेवा पडण्याआधीच त्याचा वाटा वेगळा काढा, पळीही वेगळी ठेवा. आणि दूधच चालत नसेल, तर त्याच्यासाठी खजूर पाठवा.