नाव दगडावर नाही, वहीत आहे

लंडनमध्ये ओल्ड स्ट्रीट स्टेशनाजवळ, बॅनर स्ट्रीटला लागून, एक लहानसं उद्यान आहे. १६६१ ते १८५५ या काळात या परिसरात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे १२,००० लोकांना मूठमाती मिळाली. या जागेबद्दलचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : बनहिल फील्ड्सची प्रसिद्ध दफनभूमी ती हीच.
वस्तुस्थिती : जॉन बनियन, डॅनिएल डेफो, विल्यम ब्लेक या साहित्यिकांच्या कबरी सिटी रोडवरच्या दफनभूमीत आहेत. क्वेकरांची जमीन तिथून थोड्याच अंतरावर, पण वेगळी. ती त्यांनी १६६१ साली स्वतः विकत घेतली. कारण चर्चने पवित्र केलेली माती इतर मातीहून श्रेष्ठ असते, हेच त्यांना मान्य नव्हतं.

गैरसमज : कबरींवर दगड नाहीत, म्हणजे हे लोक गरीब किंवा बेवारस असावेत.
वस्तुस्थिती : क्वेकरांमध्ये सधन व्यापारीही होते. पण जिवंतपणी ज्यांनी मान देण्यासाठी कुणापुढे टोपी काढली नाही, त्यांना मेल्यावरही उच्चनीच नको होतं. १७१७ साली त्यांच्या लंडनच्या वार्षिक सभेने असलेले दगडही काढायला सांगितलं. १८५० मध्ये परवानगी मिळाली, ती फक्त साध्या आणि एकसारख्या दगडांना.

गैरसमज : दगड नाही, म्हणून नोंदही नाही.
वस्तुस्थिती : जन्म, विवाह आणि दफन यांच्या नोंदी क्वेकरांनी फार काटेकोरपणे ठेवल्या. काही महिन्यांची नावं रोमन देवतांवरून आली म्हणून ती टाळून ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असं लिहीत. १८४० च्या कायद्यानंतर त्यांनी या जुन्या वह्या सरकारकडे सोपवल्या. आज त्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

गैरसमज : जॉर्ज फॉक्सच्या नावाचा दगड म्हणजेच त्याची कबर.
वस्तुस्थिती : पंथाचा संस्थापक फॉक्स १६९१ मध्ये वारला आणि याच दफनभूमीत पुरला गेला. आज दिसतो तो मात्र नंतरच्या काळात लावलेला स्मृतीचा दगड आहे.

गैरसमज : उद्यान झालं, तेव्हा क्वेकर इथून गेले.
वस्तुस्थिती : १८५५ नंतर इथे दफन थांबलं. पुढे जमिनीच्या काही भागावर पंथाची इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ती गेली, पण राखणदाराचं छोटं घर वाचलं. तेच आज क्वेकरांचं सभागृह आहे.

तिथे गेलात, तर कबरी शोधत बसू नका. फॉक्स आणि त्याच्यासोबतची हजारो माणसं एकाच मातीत, एकाच मानाने झोपली आहेत. त्यांना तेच हवं होतं.