घरपट्टीतून सोलरचे हप्ते? आधी हिशेब समजून घ्या

कुर्डुवाडी : उन्हाळ्यात कुर्डुवाडी, भोसरे, लऊळ, रिधोरे भागात स्लॅबचं घर रात्रीपर्यंत तापलेलं असतं. पंखा, कूलर बंद करता येत नाही आणि बिल वाढतं. मग सोलरचा विषय निघतो. पण एकरकमी पैसा आणायचा कुठून? अशा वेळी कोणी दारात येऊन "आत्ता बसवा, पैसे घरपट्टीतून हळूहळू जातील" असं सांगितलं, तर सही करू नका. आपल्याकडे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत असं कर्ज मिळत नाही.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतल्या बर्कली शहराने २००८ मध्ये ही सुरुवात केली. सोलरचा खर्च शहराने द्यायचा आणि घरमालकाने तो २० वर्षांत घरपट्टीसोबत फेडायचा. घर विकलं तर उरलेलं देणं नव्या मालकाकडे जातं. ऐकायला सोपं आहे, पण खरी गोम पुढे आहे. हे देणं कर म्हणून धरलं जातं, त्यामुळे वसुलीत ते बँकेच्या गृहकर्जाच्याही आधी येतं. थकलं तर घरावरच टाच येते. घरोघर फिरणाऱ्या ठेकेदारांनी वयस्कर लोकांच्या गळ्यात न झेपणारे करार मारल्याच्या तक्रारी झाल्या. शेवटी लॉस एंजेलिस काऊंटीने २०२० मध्ये ही योजना बंद केली.

आपल्याकडे काय आहे?

घरपट्टीत सूट मात्र काही शहरांत आहे. पुणे महापालिका सोलर, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत यापैकी एक केलं तर मिळकत करात ५ टक्के, दोन किंवा जास्त केले तर १० टक्के सवलत देते. ही सवलत आहे, कर्ज नाही. आपल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत असा ठराव आहे का, हे कर विभागात विचारावं. नसेल तर ग्रामसभेत मागणी करता येते.

सोलरसाठी २०२४ पासून केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे. अनुदान असं :

– १ किलोवॅट : ३० हजार रुपये
– २ किलोवॅट : ६० हजार
– ३ किलोवॅट किंवा जास्त : ७८ हजार

पॅनेल बसून, महावितरणचा नेट मीटर लागल्यावर हे अनुदान थेट बँक खात्यात येतं. ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात. महिना १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजनाही आहे. त्यात १ किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने २,५००, अनुसूचित जाती-जमातीने ५ हजार आणि इतरांनी १० हजार भरायचे असतात.

हप्ता परवडतो का?

समजा, ३ किलोवॅटचा खर्च १ लाख ८० हजार आला. अनुदान वजा जाता १ लाख २ हजार उरतात. १ लाखाचं कर्ज ७ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ११६० रुपये बसतो. बिल दोन हजार येत असेल तर जमतं. चारशे-पाचशेच येत असेल तर हप्ताच डोईजड होईल. १ किलोवॅट महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो, हे धरून तेवढंच बसवावं.

त्याआधी स्वस्तातले उपाय करावेत. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरला तरी एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. स्लॅबवर पांढरा रंग किंवा चुना दिला तरी घर कमी तापतं.

कागद कुणाच्या नावावर?

खरी अडचण इथेच येते. मीटर आजोबांच्या नावावर, घराचा उतारा वडिलांच्या नावावर आणि घरात दोघे भाऊ. आधी मीटर आपल्या नावावर करून घ्या. घर सामाईक असेल तर भावाची लेखी संमती घ्या. घरपट्टीची थकबाकी असेल तर भरून टाका. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा आणि ठेकेदार तिथे नोंदलेला आहे का ते पाहा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि कर्जाचं नाव काहीही असो, "थकलं तर काय जाणार?" हा प्रश्न आधी विचारा.